विजय सॅम्युएल हजारे : एका मोठ्या डावाची आठवण

द्रुतगती मार्गाने लोणावळ्याहून पुण्याकडे जाताना गहुंजे येथे क्रिकेटचे मोठे स्टेडियम लागते. आपल्या मावळ तालुक्यातले हे मैदान महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे आहे. ज्या महाराष्ट्र संघाचे ते घर, त्याच संघाकडून १९३९-४० च्या मोसमात एका मराठी ख्रिस्ती तरुणाने पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्रिशतक करणारा तो पहिला भारतीय. विजय हजारे करंडकाचे सामने आपली मुले टीव्हीवर पाहतात, पण हे हजारे आपल्यापैकीच एक होते, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. येत्या १८ डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी आहे. त्या निमित्ताने आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. सांगली-मिरज भागात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने शाळा आणि दवाखाने उभारले होते. हजारे कुटुंबही प्रॉटेस्टंट, म्हणजे आपले बंधू. वडील शिक्षक आणि घरात आठ मुले. शिक्षकाच्या पगारात आठ जणांचे कसे भागत असेल, याची कल्पना आपल्या धर्मग्रामातील मोठ्या कुटुंबांना सहज येईल.

विजय आधी गोलंदाज म्हणून पुढे आले. फलंदाजीला उभे राहताना ते बॅट दोन पॅडच्या मध्ये धरीत. ही तऱ्हा शास्त्राला धरून नव्हती. परंतु ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांनी त्यांना शिकविताना ती बदलू दिली नाही. पुढे बडोद्याच्या महाराजांनी त्यांना आपल्याकडे नोकरी दिली आणि बडोदे हेच त्यांचे कायमचे घर झाले.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत, आणि त्यांतले संघ धर्मावर उभे होते : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन. ख्रिस्ती, ज्यू वगैरे जे उरले, त्यांचा संघ 'द रेस्ट', म्हणजे 'बाकीचे'. हे नाव वाचताना आम्हाला आजही थोडे टोचते. गांधीजींचाही अशा सामन्यांना विरोध होता आणि १९४६ नंतर ते बंद पडले, हे चांगलेच झाले. परंतु १९४३ च्या डिसेंबरमधील अंतिम सामना विसरता येत नाही. हिंदू संघाने ५८१ धावा केल्या, त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५०. 'बाकीचे' १३३ धावांत गारद झाले आणि त्यांना पुन्हा फलंदाजीला यावे लागले. या दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या विजय यांच्या.

पण आम्हाला या सामन्यात अधिक प्रिय आहे तो त्यांचा भाऊ विवेक. दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भागी केली; तीत विवेकच्या धावा फक्त २१. तासन्‌तास तो दुसऱ्या टोकाला उभा राहिला, बाद झाला नाही, आणि भावाला खेळू दिले. सामना एक डाव आणि ६१ धावांनी हरला तो हरलाच. धावफलकात विवेकच्या नावापुढे २१ हाच आकडा आहे. ज्यांच्या घरात एक मूल पुढे गेले आणि दुसऱ्याने मागे राहून घर सांभाळले, त्यांना हा आकडा कळेल.

मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. देश फाळणीच्या उंबरठ्यावर होता. एका टोकाला ख्रिस्ती, दुसऱ्या टोकाला मुसलमान, आणि धावा बडोद्याच्या. गुल महंमद नंतर पाकिस्तानात गेले. तो विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला.

महायुद्धामुळे कसोटी सामने बंद होते, म्हणून हजारे यांना पहिली कसोटी खेळायला वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेड येथे ब्रॅडमन यांच्या संघाने ६७४ धावा केल्या. २०१ धावांवर ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडविला तो हजारे यांनीच. नंतर त्यांनी ११६ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात लिंडवॉलच्या वेगासमोर १४५. त्या डावात भारताच्या सहा फलंदाजांना एकही धाव करता आली नाही. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. (त्या सामन्यात रविवारी खेळ बंद होता, हे आमच्या क्रिकेटवेड्या तरुणांनी ध्यानात घ्यावे!) संत थॉमस अक्वायनस यांच्या मते धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे नसून तग धरणे हे आहे. सेमिनरीत हे शिकताना आम्हाला ते पुरते पटले नव्हते. अॅडलेडचा धावफलक पाहिल्यावर पटते.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तो हजारे यांच्या नेतृत्वाखाली. पंचविसावी कसोटी होती ती. मात्र कप्तानपद त्यांच्या अबोल स्वभावाला मानवले नाही आणि त्यामुळे त्यांची फलंदाजी उणावली, असे खुद्द मर्चंट यांचे मत होते. चौदा कसोटींत त्यांच्या वाट्याला तो एकच विजय आला. त्याच वर्षी लीड्सला दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावांवर बाद झाले, तेव्हाही कप्तान हजारे यांनी उभे राहून ५६ धावा काढल्या.

तीस कसोटींत सात शतके आणि २१९२ धावा अशी त्यांची नोंद आहे. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे ते बडोद्यातच राहिले. भाऊ विवेक बडोद्याकडून खेळले, पुढे मुलगाही खेळला. दीर्घ आजारानंतर १८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, हजारे यांचे निधन झाले. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी आगमन काळाचा चौथा रविवार होता.