राखेच्या ढिगाऱ्यापुढे मिळालेले सांत्वन

चिंतेच्या दिवसांत आपण पवित्र शास्त्र उघडतो, तेव्हा बहुधा आपल्याला उत्तर हवे असते. हे असे का घडले आणि आता पुढे काय, हे दोन प्रश्न मनाला पोखरत असतात. ज्या पुरुषाने आपले आयुष्य हेच शास्त्र भारतीय भाषांत आणण्यासाठी वेचले, त्याच्यापुढेही एके दिवशी हे प्रश्न उभे राहिले. ते डॉ. विल्यम केरी होत.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात, पॉलर्सपरी या खेड्यातील एका विणकराच्या घरी झाला. तरुणपणी ते जोडे शिवत असत आणि ते करता करताच त्यांनी ग्रीक व हिब्रू या भाषा आत्मसात केल्या. नोव्हेंबर १७९३ मध्ये ते पत्नी डॉरोथी व मुलांसह कलकत्त्यास पोहोचले. आरंभीचे दिवस अत्यंत हलाखीचे होते. पुढे मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर काम मिळाले. पण १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर तेथे आजारी पडून मरण पावला. डॉरोथीबाईंच्या मनाचा तोल गेला तो कायमचाच. १८०७ मध्ये त्या निवर्तल्या, तोपर्यंत त्यांचा आजार आणि केरी यांचे भाषांतर एकाच घरात चालू होते. देवाच्या या सेवकाचे घर शांतीने भरलेले होते, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही, आणि त्या माउलीला ते न्यायाचेही होणार नाही.

१८०० साली केरी सेरामपूर या डेन्मार्कच्या अमलाखालील गावी आले. तेथे जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे सहकारी लाभले आणि छापखाना उभा राहिला. १८०१ मध्ये बंगाली नवा करार प्रसिद्ध झाला. त्याच वर्षापासून केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. आपल्या मराठीवरही त्यांचे ऋण आहे. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी या भाषेचा अभ्यास केला, १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला, आणि १८११ मध्ये मराठी नवा करार सेरामपूरहून बाहेर पडला.

यानंतर वर्षभरातच ती आपत्ती आली. बुधवार, ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याच्या कागदाच्या कोठारास आग लागली. वॉर्ड यांनी दारे-खिडक्या बंद करवून छपरातून पाण्याचा मारा चालविला. आग आटोक्यात येत असतानाच कोणीतरी खिडकी उघडली, वारा आत शिरला आणि मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. अनेक भारतीय लिप्यांचे खिळे वितळले, कागदाचे गठ्ठे जळाले. त्याहून भारी हानी हस्तलिखितांची झाली. शास्त्राच्या भाषांतरांची पाने, तेलुगू व पंजाबी व्याकरणे, आणि संस्कृत व तिच्याशी संबंधित भाषांचा महाकोश यांची राख झाली. नुकसान सुमारे १०,००० पौंडांचे होते. आग कशी लागली, हे कधीच समजले नाही.

केरी त्या रात्री कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी जाऊन त्यांना वार्ता सांगितली. परत आल्यावर ते धुमसत्या ढिगाऱ्यातून फिरले, तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. भाषांतराचे काम करणाऱ्या प्रस्तुत लेखकाला ते अश्रू समजतात. एका वचनासाठी योग्य शब्द शोधण्यात कधी कधी आठवडा जातो. येथे अनेक वर्षांचे शब्द एका रात्रीत गेले होते.

पुढच्या रविवारी केरी उपदेशास उभे राहिले. त्यांनी निवडलेले वचन स्तोत्रसंहिता ४६:१० हे होते. पृथ्वी ढळते, पर्वत सागरात कोसळतात, राष्ट्रे खवळतात, अशा गदारोळात देव आपल्या लोकांना शांत होऊन आपणच देव आहोत हे ओळखण्यास सांगतो. मूळ हिब्रू क्रियापदात हात सैल सोडणे, धडपड थांबविणे असा भाव आहे. केरी यांनी दोन गोष्टी मांडल्या. आपले काय करावे हे ठरविण्याचा अधिकार देवाचा आहे, आणि त्याच्या इच्छेला मान तुकविणे हे आपले कर्तव्य आहे. आगीचे कारण त्यांनी देवाच्या वतीने सांगितले नाही. त्यांचे सांत्वन स्पष्टीकरणावर उभे नव्हते. देव कोण आहे, या एका गोष्टीवर ते उभे होते.

हात सैल सोडले म्हणजे काम सोडले, असे मात्र झाले नाही. छपाईची यंत्रे आणि खिळे ओतण्याचे पोलादी ठसे बचावले होते. राखेतून वितळलेला धातू गोळा करून नवे खिळे पाडणे लगेच सुरू झाले, आणि केरी पंडितांसह पुन्हा भाषांतरास बसले. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा सोपी जाते, हा अनुभव त्यांना आला. काही भाषांतरे पहिल्याहून सरस उतरली. ती वार्ता ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर तेथील ख्रिस्ती लोकांनी सुमारे दोन महिन्यांत सारी रक्कम उभी केली. पण सर्व काही परत मिळाले नाही. तो महाकोश पुढे कधीच प्रसिद्ध झाला नाही. केरी यांनी तेही देवाच्या हाती सोपविले, आणि ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे प्रभूकडे जाईपर्यंत ते कामात राहिले.

प्रिय वाचकहो, रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या बापाला, नोकरी गेलेल्या तरुणाला, मुलांच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आईला आज कदाचित का या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. तरी ४६ वे स्तोत्र उघडावे आणि सावकाश वाचावे. घट्ट आवळलेली मूठ देवापुढे सैल करावी. मग उठून, त्याने हाती ठेवलेले आजचे काम करावे. राखेच्या ढिगाऱ्यापुढे केरी यांनी हेच केले.