हरवलेला सेरेस आणि गॉस

गॉस एलिमिनेशन, गॉसचा नियम, गॉशियन कर्व्ह... चार वर्षांत हा माणूस काही आपली पाठ सोडत नाही! पण कंट्रोल लॅबमध्येही तोच बसलाय, हे फार जणांना माहीत नसतं.

कार्ल फ्रेडरिक गॉसचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथे झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील गवंडीकाम, बागकाम, पडेल ते करायचे. मुलाची हुशारी पाहून तिथल्या ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला, म्हणून तो ग्योटिंगेन विद्यापीठात पोचला.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोमध्ये पियाझीला आकाशात एक नवा ठिपका दिसला. तोच सेरेस. ४१ दिवसांत त्याच्या जेमतेम २४ नोंदी झाल्या आणि मग तो सूर्याच्या उजेडात गडप झाला. आता शोधायचा कुठे?

सेरेस तर क्षणभरही न थांबता फिरतोय आणि हातात मात्र तुटक नोंदी! कक्षा ठरवायला सहा संख्या लागतात. एका नोंदीतून दोन कोन मिळतात, म्हणजे तीन नोंदींतून सहा समीकरणं. ऐकायला सोपं, पण पृथ्वीही फिरत असल्याने गणित भयंकर किचकट होतं. २४ वर्षांच्या गॉसने ते सोडवलं. ३१ डिसेंबर १८०१ रोजी फॉन झाखला सेरेस गॉसने सांगितलेल्या जागेजवळच सापडला.

पण प्रत्येक नोंदीत थोडी चूक असतेच. मग नोंदी जास्त असतील तर खरी कुठली मानायची? चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल असं उत्तर घ्यायचं. हीच लीस्ट स्क्वेअर्स पद्धत. लजांद्रने ती १८०५ मध्ये छापली. गॉसने १८०९ च्या ग्रंथात लिहिलं की आपण ती १७९५ पासूनच वापरतो. लजांद्र दुखावला, आणि त्याचंही चूक नव्हतं. छापलं तर त्यानेच आधी!

पुढे १८२० च्या दशकात गॉसने आणखी एक युक्ती दिली. नवीन नोंद आली की सगळं गणित पहिल्यापासून न करता जुनं उत्तरच सुधारून घ्यायचं.

आता लॅबमधली डीसी मोटर बघा. ती अखंड फिरते, पण कंट्रोलर डिजिटल. तो ठरावीक वेळाने वेग मोजतो आणि पुढच्या सॅम्पलपर्यंत व्होल्टेज तेच धरून ठेवतो. त्या तुटक आकड्यांवरून मोटरचं इनर्शिया, घर्षण शोधायचं. प्रश्न सेरेसचाच! आणि चालू मशीनवर दर सॅम्पलला अंदाज सुधारणारी रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्स म्हणजे गॉसचीच युक्ती.

२३ फेब्रुवारी १८५५ रोजी ग्योटिंगेनमध्ये गॉस गेला. त्याने कॉम्प्युटर पाहिला नाही, मोटर कंट्रोलरही नाही. पण रीडिंग थोडी असली आणि चुकतमाकत आली, तरी त्यांच्यामागचं यंत्र ओळखता येतं, हे त्याने दाखवून दिलं. तेव्हा मंडळी, पुढच्या प्रॅक्टिकलला मित्राच्या जर्नलमधून रीडिंग उतरवण्याआधी स्वतःची वेडीवाकडी रीडिंग एकदा नीट बघा. मोटरची खरी माहिती त्यांच्यातच असते.