बारशाची पंगत आणि गाडगेबाबा

२० डिसेंबर हा संत गाडगेबाबांचा स्मृतिदिन. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले व त्यातच वारले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. तेथे तो मामाकडे गुरे राखू लागला.

पुढे डेबूजींना मुलगी झाली. बारशाला दारू-मटणाची पंगत द्यायची, अशी रीत होती. डेबूजींनी गोड जेवण वाढले. भाऊबंद नाराज झाले, पण ते डगमगले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, अशी विनवणी करायची. १९५६ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले, तोवर हे काम चालू होते.

बंधुभगिनींनो, नाताळ जवळ आला आहे. आपल्याकडेही बाप्तिस्मा असतो, लग्न असते. बाटली ठेवली नाही तर पाहुणे काय म्हणतील, ही भीती आपल्यालाही असते. दारूने बाप गमावलेल्या मुलाने ती भीती बाजूला सारली. कोल्हारमधील आपल्या घरांनाही हे जमेल.