विश्लेषण : तापलेल्या वर्गापासून ‘स्मार्ट’ इमारतीपर्यंत… कोण होते वॉरन जॉन्सन?

बंद काचांच्या मोठ्या कार्यालयात एका खोलीत हुडहुडी भरते, तर शेजारच्या खोलीत घाम फुटतो. हे टाळण्यासाठी आजच्या इमारतींत प्रत्येक भागासाठी वेगळा कंट्रोलर बसवतात आणि सगळे कंट्रोलर एकाच नेटवर्कने जोडतात. याच यंत्रणेला बिल्डिंग एनर्जी मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात. या यंत्रणेची मूळ कल्पना मात्र संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. ती १४० वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका प्राध्यापकाला सुचली.

कोण होते जॉन्सन?

वॉरन सेमूर जॉन्सन यांचा जन्म १८४७ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. त्यांचे बालपण विस्कॉन्सिनमध्ये गेले. छापखान्यातील काम, जमीन मोजणी, शाळेतील शिकवणी असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. विज्ञान ते मुख्यतः स्वतःच वाचून शिकले. पुढे व्हाइटवॉटर येथील स्टेट नॉर्मल स्कूल या शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत ते प्राध्यापक झाले.

वर्गात अडचण काय होती?

विस्कॉन्सिनचा हिवाळा कडाक्याचा असतो. संस्थेची इमारत तळघरातील भट्टीने गरम ठेवली जाई. उष्णता कमी-जास्त करण्याच्या झडपाही तळघरातच होत्या. त्यामुळे शिपाई एकेका वर्गात जाऊन तापमान पाहायचा, मग खाली जाऊन झडपा हलवायचा. त्याच्या येण्याने शिकवणे थांबे. तो तळघरात पोहोचेपर्यंत वर्ग आणखी तापलेला किंवा गारठलेला असे.

भट्टीत उष्णतेची कमतरता नव्हती. कोणत्या खोलीला ती हवी आहे, ही माहिती मात्र भट्टीपर्यंत वेळेवर पोहोचत नव्हती. जॉन्सन यांनी नेमकी हीच गोष्ट हेरली.

घंटेने काय बदलले?

जॉन्सन यांनी खोलीत विजेवर चालणारा थर्मोस्टॅट बसवला आणि तिथून तळघरापर्यंत तार नेली. खोलीचे तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तळघरात घंटा वाजे. घंटा ऐकून शिपाई झडप हलवे. वर्गावर्गांतून हेलपाटे घालण्याची गरज उरली नाही. १८८३ मध्ये त्यांना या उपकरणाचे पेटंट मिळाले.

मिलवॉकीतील उद्योजक विल्यम प्लँकिंटन यांनी भांडवल दिले. जॉन्सन यांनी प्राध्यापकी सोडली आणि १८८५ मध्ये मिलवॉकीत जॉन्सन इलेक्ट्रिक सर्व्हिस कंपनी सुरू झाली. आजची जॉन्सन कंट्रोल्स ही तिचीच वारसदार.

झडप आपोआप कशी हलू लागली?

घंटा वाजली तरी झडप माणसालाच हलवावी लागे. १८९५ मध्ये पेटंट मिळालेल्या यंत्रणेत जॉन्सन यांनी हे काम दाबाखालच्या हवेकडे सोपवले. खोलीतील थर्मोस्टॅटमधला भाग तापमानानुसार वाकतो. तो हवेचे बारीक छिद्र उघडतो किंवा झाकतो. त्यामुळे नळीतील हवेचा दाब बदलतो आणि त्या दाबाने झडप उघडते किंवा मिटते.

यामुळे प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखता येऊ लागले. एका थंड खोलीसाठी सगळी इमारत तापवण्याची आणि मग इतरांनी खिडक्या उघडून ती उष्णता बाहेर घालवण्याची गरज राहिली नाही. वाचणाऱ्या कोळशात पैसा होता, त्यामुळे ग्राहकही मिळत गेले.

जॉन्सन एवढ्यावरच थांबले का?

नाही. त्यांच्या नावावर ५० हून अधिक पेटंट आहेत. हवेच्या दाबावर चालणारी मनोऱ्यावरची घड्याळे त्यांनी बनवली. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलवरील घड्याळ त्यांचेच. सेंट लुईस येथील १९०४ च्या जागतिक प्रदर्शनातील फुलांच्या अवाढव्य घड्याळाची यंत्रणाही त्यांच्या कंपनीची होती. बिनतारी संदेशवहन आणि मोटारगाड्या यांतही त्यांनी शक्ती आणि पैसा ओतला.

१९११ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर कंपनीने इतर उद्योग बाजूला ठेवून इमारतींच्या तापमान नियंत्रणावरच लक्ष दिले. घड्याळे आणि मोटारींची स्वप्ने मागे पडली, वर्गातल्या अडचणीवर शोधलेला उपाय टिकला.

आजच्या कंट्रोलरशी याचे नाते काय?

आजही साखळी तीच आहे. सेन्सर तापमान सांगतो, कंट्रोलर ते ठरवलेल्या तापमानाशी ताडून पाहतो आणि झडप किंवा पंखा हलवतो. आता कंट्रोलर एकमेकांशी आणि मुख्य संगणकाशीही बोलतात. १९७२ मध्ये जॉन्सन यांच्याच कंपनीने इमारतींसाठी मिनी-कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रणा आणली. १९९५ मध्ये बॅकनेट हे मानक आले आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना समाईक भाषा मिळाली.

हे नेटवर्क उभारताना एकाच तारेवरील प्रत्येक कंट्रोलरला वेगळा क्रमांक द्यावा लागतो. दोघांना एकच क्रमांक गेला, तर संदेशांचा गोंधळ होतो. सगळ्यांचा संदेश पाठवण्याचा वेग सारखा असावा लागतो. शिवाय नेटवर्क तुटले तरी कंट्रोलरने आपल्या खोलीचे काम स्वतः चालू ठेवावे, अशी रचना करतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र साधी असते. स्क्रीनवर बैठकीच्या खोलीचे नाव दिसते, पण त्या नावाला जोडलेला सेन्सर प्रत्यक्षात बाहेरच्या मार्गिकेत असतो. आकडे व्यवस्थित दिसतात, आत बसलेली माणसे कुडकुडतात आणि वीज वाया जाते. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे तंत्रज्ञ सेन्सर हाताच्या उबेने तापवतात आणि स्क्रीनवर तोच आकडा हलतो का ते पाहतात. झडपेला स्क्रीनवरून आदेश देतात आणि ती खरेच उघडली का, हे जागेवर जाऊन तपासतात.

व्हाइटवॉटरचा शिपाई रोज घालत असलेला फेरा तंत्रज्ञाला निदान यंत्रणा सुरू करताना तरी घालावाच लागतो. तो टाळला, तर कितीही महागडे नेटवर्क चुकीच्या खोलीचेच ऐकत राहते.