जेफर्सनने मागे काय ठेवले?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै १८२६ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. नेमक्या त्याच दिवशी जाहीरनाम्याचा लेखक थॉमस जेफर्सन मॉन्टिचेलो येथील आपल्या घरी निवर्तला. राष्ट्राला त्याने काय दिले, हे सर्वश्रुत आहे. कुटुंबासाठी त्याने काय मागे ठेवले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः त्या काळच्या मळेवाल्यांच्या अर्थव्यवस्थेचे मर्म त्याच्या उत्तरातच आहे.

जेफर्सनचा जन्म १७४३ साली व्हर्जिनियातील एका जमीनदार घराण्यात झाला. वडील १७५७ मध्ये वारले आणि सज्ञान झाल्यावर या ज्येष्ठ पुत्राकडे सुमारे ५,००० एकर जमीन व तीवर राबणारे गुलाम आले. १७७२ मध्ये त्याचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी सासरे जॉन वेल्स वारले आणि पत्नीच्या वाट्याची सुमारे ११,००० एकर जमीन व १३५ गुलाम त्याच्या ताब्यात आले. या वैभवाबरोबर ब्रिटिश व्यापाऱ्यांचे कर्जही आले. वेल्सच्या वारसांनी कर्ज फिटण्यापूर्वीच मिळकत वाटून घेतल्याने ते त्यांच्या व्यक्तिगत माथी बसले. जेफर्सनने त्यापायी जमीन विकली. परंतु युद्धकाळात तिची किंमत हाती आली ती कवडीमोल झालेल्या कागदी चलनात, आणि कर्ज तसेच राहिले.

व्हर्जिनियात त्या वेळी वारशाच्या दोन प्रथा होत्या. मृत्युपत्र नसेल तर सारी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. दुसरी प्रथा वंशबंधाची. पूर्वजाने तशी अट घातली की जमीन त्याच वंशात राहावयाची. वारसाला ती विकता येत नसे. अशा जमिनीला गुलामही कायद्याने जोडून ठेवता येत. जेफर्सनने १७७६ मध्ये विधिमंडळाकडून वंशबंध रद्द करवून घेतला. त्याने तयार केलेल्या कायद्याने १७८५ मध्ये ज्येष्ठाधिकारही संपुष्टात आला आणि मृत्युपत्राच्या अभावी मुलगे व मुली समान वाटेकरी ठरले. भूमीवर मृतांची सत्ता नसावी आणि एका पिढीचे ऋण दुसरीवर लादले जाऊ नये, असा विचार त्याने १७८९ मध्ये जेम्स मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात मांडला.

ही सुधारणा निःसंशय मोठी होती. तथापि वारसांना मोकळी झालेली मिळकत सावकारांनाही मोकळी झाली. वंशबंधातून सुटलेला गुलाम तर मुक्त झालाच नाही. तो केवळ विक्रीला मोकळा झाला.

पुढील आयुष्यात घराची सततची बांधकामे, ग्रंथ, मद्ये आणि पाहुणचार यांचा खर्च मळ्यांच्या उत्पन्नाला पेलवला नाही. १८१९ च्या मंदीत, ज्याला तो २०,००० डॉलरसाठी जामीन राहिला होता, तो स्नेही बुडाला. जावई स्वतःच कर्जबाजारी असल्याने १८२६ च्या मृत्युपत्रात जेफर्सनने मुलगी मार्थासाठी मिळकत विश्वस्तांकडे सोपविली. जमिनीची गाठ तोडणाऱ्या या सुधारकाला अखेरीस मुलीच्या रक्षणासाठी तशीच एक गाठ बांधावी लागली. तीही व्यर्थ ठरली, कारण त्याचे स्वतःचे कर्जच एक लाख डॉलरहून अधिक होते.

जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोत लिलाव झाला. घरातील सामान आणि जनावरे यांच्याबरोबर १३० माणसेही विक्रीस काढली गेली. मृत्युपत्राने जेफर्सनने पाचच गुलामांना मुक्ती दिली होती. त्यांतील मॅडिसन व एस्टन हेमिंग्ज हे सॅली हेमिंग्जपासून झालेले त्याचेच पुत्र होते, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. सॅली स्वतः वेल्सच्या वारशातून तान्हेपणी जेफर्सनकडे आलेली. या पुत्रांना जमीन मिळाली नाही. स्वातंत्र्य तेवढे मिळाले. जो फॉसेट या लोहारालाही मुक्ती मिळाली, पण त्याची पत्नी आणि मुले लिलावात विकली गेली. १८३१ मध्ये मॉन्टिचेलोही परक्याच्या हाती गेले.

एका पिढीचे ऋण दुसरीने फेडू नये, हे जेफर्सनचे तत्त्व होते. प्रत्यक्षात त्याचे कर्ज त्याचा नातू वर्षानुवर्षे फेडत राहिला. परंतु त्याची खरी किंमत मोजली ती ज्यांना कोणताही वारसा मिळणार नव्हता, उलट जे स्वतःच वारसा म्हणून मोजले जात होते, त्या माणसांनी. संपत्तीची वाटणी न्याय्य असावी हे खरेच. पण संपत्ती कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न त्याआधीचा आहे. जेफर्सनच्या कायद्यांनी पहिला प्रश्न सोडविला आणि दुसऱ्याला स्पर्शही केला नाही.