जॉन लेनन व त्याचें अपुरें गीत

जॉन लेनन याचा जन्म इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं ९ ऑक्टोबर १९४० रोजीं झाला. वडील खलाशी, बहुधा समुद्रावर असत. म्हणून मावशीनें त्याचा सांभाळ केला. आईनें त्यास बँजो वाजविण्यास शिकविलें. पण १९५८ सालीं तीही मोटारीच्या अपघातांत वारली. त्याचा मित्र पॉल मॅकार्टनी हाही मातृहीन होता. ह्या समदुःखी मित्रांचा 'बीटल्स' संघ पुढें जगप्रसिद्ध झाला. परंतु कीर्तीमागून कलहही आला आणि १९७० सालीं संघ मोडला.

पुढें न्यूयॉर्क येथें धाकट्या मुलाच्या संगोपनांत रमला असतां, १९७७ च्या सुमारास, लेनननें पियानोवर एक गीत म्हणून तें साध्या ध्वनिफितीवर उतरून ठेविलें. तें पुरें होण्यापूर्वींच ८ डिसेंबर १९८० रोजीं एका माथेफिरूनें त्यास गोळ्या घालून ठार केलें.

१९९४ सालीं त्याची पत्नी योको ओनो हिनें ती फीत मॅकार्टनीच्या स्वाधीन केली. पुढील वर्षीं तिघां सोबत्यांनीं यत्न केला. परंतु फितींतील घरघर व पियानोखालीं दबलेला आवाज यांमुळें तो सोडावा लागला. २००१ सालीं जॉर्ज हॅरिसनही निवर्तला. अखेर २०२२ सालीं नव्या यंत्रविद्येनें लेननचा आवाज पियानोपासून निराळा करितां आला. हॅरिसननें १९९५ सालीं वाजविलेली गिटार त्यांत घेऊन मॅकार्टनी व रिंगो स्टार यांनीं गीत पुरें केलें. २ नोव्हेंबर २०२३ रोजीं तें 'नाऊ अँड देन' या नांवानें प्रसिद्ध झालें.

विद्यार्थीमित्रहो, ह्या सोबत्यांत एकदां तंटा झाला होता खरा. पण मागें राहिलेल्यांनीं तो मनांत न ठेवितां गेलेल्या मित्राचें काम सुमारें पंचेचाळीस वर्षांनीं तडीस नेलें. मैत्रीची खरी कसोटी हीच होय.