गॅलिलिओची दुर्बीण

इटली देशातील पिसा या जुन्या नगरात १५६४ साली गॅलिलिओचा जन्म झाला. त्याचे वडील संगीतज्ञ होते. मुलाने वैद्य व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु गॅलिलिओचे मन औषधांपेक्षा आकडे आणि आकृत्या यांतच अधिक रमे. त्याने वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडले आणि गणिताचा ध्यास घेतला. पुढे १५९२ साली व्हेनिसच्या राज्यातील पाडुआ येथील विद्यापीठात तो गणिताचा प्राध्यापक झाला.

१६०९ साली त्याच्या कानी एक नवलाची वार्ता आली. दूरची वस्तू जवळ दिसावी, असे एक यंत्र हॉलंडमधील चष्मे करणाऱ्या कारागिरांनी तयार केले होते. केवळ वर्णनावरून गॅलिलिओने त्यातील मर्म ओळखले. त्याने शिशाची एक नळी घेतली, तिच्या पुढच्या टोकाला बहिर्गोल भिंग बसविले आणि डोळ्याकडच्या टोकाला अंतर्गोल. या दुर्बिणीतून वस्तू तीनपट मोठी दिसे. तेवढ्याने त्याचे समाधान होईना. तो स्वतः भिंगे घासू लागला आणि लवकरच त्याने आठपट मोठे दाखविणारी दुर्बीण सिद्ध केली.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात व्हेनिसचे वृद्ध राज्यकारभारी एका उंच मनोऱ्याच्या पायऱ्या चढून गेले. गॅलिलिओने दुर्बीण त्यांच्या हाती दिली. नुसत्या डोळ्यांना जेथे केवळ पाणी दिसत होते, तेथे शिडे उभारून येणारी जहाजे त्यांना दिसली! दोन तासांहून अधिक वेळ लोटला, तेव्हा कोठे तीच जहाजे दुर्बिणीवाचून दिसू लागली. शत्रूचे आरमार इतके आधी दिसले, तर राज्याचा केवढा लाभ! कारभाऱ्यांनी संतुष्ट होऊन गॅलिलिओचे वेतन वाढविले.

पण गॅलिलिओने दुर्बीण समुद्रावरून उचलली आणि आकाशाकडे वळविली. आता ती वीसपट मोठे दाखवीत होती. गुळगुळीत मानला गेलेला चंद्र डोंगरदऱ्यांनी भरलेला दिसला. आकाशगंगेच्या धूसर पट्ट्यात असंख्य तारे दिसले. ७ जानेवारी १६१० च्या रात्री गुरू ग्रहाजवळ एका रेषेत तीन लहान तारे दिसले. दुसऱ्या रात्री पाहतो, तो त्यांच्या जागा बदललेल्या! आणखी काही दिवसांनी चौथा दिसला.

येथे एक मोठी अडचण होती. जहाजाचे खरेखोटे बंदरात ठरे, कारण ते अखेर काठाला येई. गुरू ग्रह थोडाच खाली येणार होता? म्हणून गॅलिलिओने दुसरा मार्ग धरला. आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक रात्री त्याने त्या ताऱ्यांची जागा पाहिली व तिची आकृती कागदावर काढून ठेवली. काही आठवडे हा क्रम चालला. त्या आकृत्यांवरून निःसंशय ठरले, की ते चार चंद्र असून गुरूभोवती फिरत आहेत. याचा अर्थ, आकाशातील सर्व ज्योती पृथ्वीभोवतीच फिरतात, हे जुने मत खरे नव्हते!

मार्च महिन्यात त्याने हे सारे एका छोट्या पुस्तकात प्रसिद्ध केले. दुर्बिणीत दिसते तो भिंगांचा भास आहे, असे काही पंडित म्हणाले. काहींनी तर तिला डोळा लावण्यासही नकार दिला. गॅलिलिओने वाद घातलाच. पण नवनव्या दुर्बिणी करून त्या त्याने दूरदूरच्या लोकांकडे धाडल्या. ज्याला शंका असेल, त्याने स्वतः पाहावे, हेच त्याचे उत्तर होते.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मत त्याने १६३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. त्यामुळे रोमच्या धर्मपीठाचा त्याच्यावर कोप झाला. १६३३ साली त्याच्यावर खटला चालला. एकोणसत्तर वर्षांच्या त्या वृद्धाला गुडघे टेकून आपले मत सोडल्याचे सांगावे लागले. उरलेले आयुष्य त्याला फ्लॉरेन्सजवळच्या आपल्या घरात बंदिवासात काढावे लागले. तेथे हळूहळू त्याची दृष्टीही गेली. कोणीही न पाहिलेले पाहणारे ते डोळे कायमचे मिटले. परंतु त्याचे मन जागे होते. १६४२ साली मृत्यू येईपर्यंत तो शिष्यांशी शास्त्राची चर्चा करीत राहिला. या प्रकरणात आपल्या न्यायाधीशांची चूक झाली, हे त्या धर्मपीठाने १९९२ साली मान्य केले.

नाटकगृहात वापरण्याच्या लहानशा जोडदुर्बिणीत गॅलिलिओच्या दुर्बिणीसारखीच भिंगांची रचना असते. आणि साधी जोडदुर्बीण स्थिर धरून निरभ्र रात्री गुरूकडे पाहिले, तर त्याच्या शेजारी तेजाचे बारीक ठिपके आजही दिसतात. एका रात्री पाहून कागदावर त्यांच्या जागा मांडाव्यात आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावे. ते जागचे हललेले असतील!